आवाजाचे मानधन

आकाशवाणीवर नभोनाट्यात काम केले की करारपत्रावर सही व्हायची. नाटक पुन्हा लागले तर पुनःप्रसारणाचे थोडे मानधन वेगळे मिळायचे. माझे चेक कधीच मोठे नव्हते. पण आवाज कुणाचा, हे कुठेतरी कागदावर असायचे.

मध्यंतरी गावी गेलो होतो. संगणकाला मराठी बोलणे कळावे म्हणून वहिनींनी मोबाईलवर महिनाभर वाक्ये वाचून दिली होती. भाजीचे भाव, एस.टी.ची वेळ, गोळी कधी घ्यायची, असे काहीही. वाक्यामागे ठरलेले पैसे मिळाले. जेवताना त्यांनी विचारले, "भाऊजी, माझा आवाज आता कुठं असेल हो?" मला उत्तर देता आले नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ता आपोआप शहाणी होत नाही. १७७० मध्ये व्हिएन्नात केम्पेलेन यांनी बुद्धिबळ खेळणारा यांत्रिक 'तुर्क' दाखवला. पेटीत माणूस दडलेला असे. अ‍ॅमेझॉनने २००५ मध्ये इंटरनेटवरून किरकोळ कामे वाटणारी सेवा काढली आणि तिचे नाव ठेवले 'मेकॅनिकल टर्क'. प्रामाणिकपणाच म्हणायचा! चित्रे ओळखायला यंत्रांना ज्यावर शिकवले, तो 'इमेजनेट' संग्रह या सेवेतूनच उभा राहिला. १६७ देशांतल्या सुमारे ४९ हजार माणसांनी चित्रात काय आहे ते तपासून दिले. संशोधकांचे नाव झाले, ते योग्यच. पण त्या ४९ हजारांपैकी एक तरी नाव आपण ऐकले आहे का?

कुणी म्हणेल, एका वाक्याची किंमत ती काय? यंत्र शिकून तयार झाल्यावर कोणत्या वाक्याने काय शिकवले हे वेगळे काढता येत नाही, हे खरे आहे. पण मूळ ध्वनिमुद्रणे तशीच राहतात आणि पुन्हा विकता येतात. तिथे हिशेब ठेवायला अडचण कसली? बंगळुरूच्या 'कार्य' या संस्थेने तो ठेवून दाखवला. २०२३ मध्ये ती अशा कामाला ताशी किमान ५ डॉलर देत होती, आणि संच पुन्हा विकला गेला तर बोलणाऱ्यालाही वाटा, असा तिचा नियम होता.

वहिनींनी कोणत्या अटी मान्य केल्या, ते मी मागवून घेतले. सात पाने, सगळी इंग्रजीत. रोज रात्री फोनवर एकेक कलम त्यांना मराठीत सांगतो. सध्या तिसऱ्या पानावर आहोत.