फिजीतली कुंती

पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांवर इंग्रजांचं राज्य होतं. तिथल्या मळ्यांसाठी १८७९ पासून आपल्याकडचे मजूर नेले. पाच वर्षांच्या करारावर अंगठा घ्यायचे. मजूर त्याला ‘गिरमिट’ म्हणत. १०० पुरुषांमागे ४० बायका, असा सरकारी नियमच होता. जणू पोतीच मोजायची!

पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला.

पुढच्याच वर्षी मळ्यावरच्या गोऱ्या साहेबाच्या तावडीतून सुटायला कुंती नावाच्या मजूर बाईनं नदीत उडी घेतली. होडीतल्या एका पोरानं तिला वाचवलं. तिची हकिकत कलकत्त्याच्या ‘भारतमित्र’ पत्रात छापून आली, आणि लोक खवळले. १९१७ मध्ये भरती थांबली. १ जानेवारी १९२० ला उरलेले करारही रद्द झाले.