आपली राज्यघटना कशी घडली?



राज्यघटनेवर व्याख्यान आहे असे कळले की वकील मंडळी सरसावून बसतात आणि बाकीचे श्रोते हळूच चपला शोधू लागतात, असा आमचा अनुभव आहे. आज आपण एवढ्या संख्येने बसून राहिलात, याबद्दल प्रथम आभार मानतो. कलमांची जंत्री वाचून दाखविण्याचा आमचा विचार नाही. एकच प्रश्न आम्हाला आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. दीडशे वर्षे दुसऱ्याच्या हाती असलेल्या घराच्या किल्ल्या ज्यांना मिळाल्या, त्यांनी त्या किल्ल्या कमरेला खोचण्याआधी स्वतःच्याच हातांना बंध का घालून घेतले?

घटना समिती पहिल्यांदा बसली ती ९ डिसेंबर १९४६ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी. मुस्लिम लीगचे सभासद आले नव्हते. संस्थानांचे प्रतिनिधी यावयाचे होते. १३ डिसेंबरला पंडित नेहरूंनी ध्येयांचा ठराव मांडला. भारत हे स्वतंत्र, सार्वभौम प्रजासत्ताक व्हावे, असा त्याचा आशय. अशा ठरावाला विरोध कोण करणार? पण आपल्या मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर उभे राहिले आणि त्यांनी उपसूचना आणली : जे आले नाहीत त्यांची वाट पाहा, तोवर निर्णय थांबवा. सभागृहाला हे रुचले नाही. १७ तारखेला डॉक्टर आंबेडकरांना अनपेक्षितपणे बोलण्यासाठी पाचारण झाले. काँग्रेसचे ते कडवे टीकाकार. आता फटकारे बसणार असेच अनेकांना वाटले असेल. त्यांनी जयकरांची बाजू घेतली खरी, परंतु सूर निराळा होता. देश आज फुटलेला दिसत असला तरी पुढेमागे तो एक होईल, अशी आपली श्रद्धा त्यांनी बोलून दाखविली. अधिकार असणे वेगळे आणि तो वापरण्यात शहाणपण असणे वेगळे. राष्ट्राचे भवितव्य ठरविताना व्यक्तींच्या, पुढाऱ्यांच्या आणि पक्षांच्या मानपानाला किंमत देऊ नये, असे त्यांनी बजावले. ठराव जानेवारीपर्यंत पुढे गेला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झाला. लीग तोवरही आली नव्हती. पण ज्याच्याजवळ बहुमत आहे त्यानेही थांबून ऐकावे लागते, हा पहिला धडा या सभागृहाने गिरविला.

पुढची हकिगत महाराष्ट्राने विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. डॉक्टर आंबेडकर बंगालमधून निवडून आले होते. फाळणी झाली आणि त्यांची जागा गेली. त्याच सुमारास जयकरांच्या राजीनाम्याने मुंबई प्रांताची एक जागा रिकामी झाली होती. राजेंद्रबाबूंनी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना पत्र लिहिले की, आंबेडकरांना ताबडतोब निवडून पाठवा. ज्यांच्याशी वर्षानुवर्षे भांडण, त्यांनाच अगत्याने बोलावून आणले! २९ ऑगस्ट १९४७ रोजी सात जणांची मसुदा समिती नेमली गेली आणि आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले.

सात जण म्हटले तरी काम सातांवर सारखे वाटले गेले नाही. एकाने जागा सोडली, एक वारले, कोणी राज्यकारभारात गुंतले, कोणी प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर राहिले. मसुद्याचा भार शेवटी एकट्या आंबेडकरांवर पडला, असे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सभागृहातच सांगितले. त्यांची प्रकृतीही ठीक नव्हती. बेनेगल नरसिंग राव यांनी आधी कच्चा मसुदा तयार करून दिला होता, आणि त्याचे श्रेय आंबेडकरांनी मोकळ्या मनाने दिले, हेही सांगितले पाहिजे.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. सरकारने एखाद्या माणसाला पकडावे केव्हा आणि कसे? स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंग पाहिलेली कितीतरी माणसे त्या बाकांवर बसली होती. विनाचौकशी कोठडी म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावयाचे नव्हते. मूळ शिफारशीत अमेरिकेच्या धर्तीवर ‘न्याय्य प्रक्रिये’चे संरक्षण होते, म्हणजे कायदा न्याय्य आहे की नाही, हे न्यायालयाने तपासावे. नरसिंग राव अमेरिकेत जाऊन न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले आणि या शब्दांनी न्यायाधीशांच्या हाती फार सत्ता जाते, असे त्यांचे मत झाले. मसुदा समितीने मग जपानच्या घटनेच्या धर्तीवर ‘कायद्याने घालून दिलेली पद्धती’ एवढेच शब्द ठेवले. डिसेंबर १९४८ मध्ये यावर जोराची चर्चा झाली. खुद्द मसुदा समितीतले कन्हैयालाल मुनशी जुन्या शब्दांच्या बाजूने बोलले. आंबेडकरांनी अडचण लपविली नाही. पक्षाच्या बहुमताने भरलेले विधिमंडळ वाटेल तो कायदा करील ही एक भीती. पाचसहा न्यायाधीश आपल्या मतांप्रमाणे लोकांचे कायदे मोडीत काढतील ही दुसरी. इकडे आड, तिकडे विहीर! निवाडा त्यांनी सभागृहावर सोपविला, आणि सभागृहाने मसुद्यातले शब्द कायम केले.

पण त्यांचे स्वतःचे समाधान झाले नव्हते. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी नवे कलम आणले. अटक झालेल्याला कारण सांगितले पाहिजे, वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे, चोवीस तासांत न्यायाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. यातले बरेचसे फौजदारी कायद्यात आधीच होते. मग ते घटनेत कशाला? तर उद्याच्या विधिमंडळाने ते सहज पुसून टाकू नये म्हणून. आमच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. आजचे सत्ताधारी उद्याच्या सत्ताधाऱ्यांवर, म्हणजे स्वतःवरही, पहारा बसवीत होते.

पहारा पुरा होता काय? नव्हता. त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेला वाट ठेवली होती. १९५० मध्ये गोपालन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचे शब्द अक्षरशः घेतले. १९७८ मध्ये मनेका गांधी यांच्या खटल्यात मात्र पद्धती ही रास्त आणि न्याय्यच असली पाहिजे, असे ठरले. जे शब्द घटना समितीने सोडले, त्यांचा आशय तीस वर्षांनी दुसऱ्या दाराने आत आला.

मसुद्यावर ७६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या, त्यांपैकी २४७३ सभागृहापुढे प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एकंदर सुमारे तीन वर्षे लागली. या दिरंगाईबद्दल त्या वेळी टीका झाली, थट्टाही झाली. पण बाहेर निर्वासितांचे लोंढे येत होते, गांधीजींचा खून झाला होता, काश्मीरात लढाई चालू होती; आणि आत ही माणसे एकेका स्वल्पविरामावर वाद घालीत होती. घाईला इतकी निमित्ते असताना त्यांनी घाई केली नाही, याचे आम्हाला मोल वाटते. शिवाय घटना अजून संमत व्हावयाची होती, तोच प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाची नावे मतदारयादीत घालण्याचे काम सुरू झाले होते.

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना संमत झाली. तिच्यात ३९५ कलमे आणि ८ परिशिष्टे होती. आदल्या दिवशी आंबेडकरांनी जे भाषण केले त्यात विजयाचा डंका नव्हता. घटना कितीही चांगली असली तरी राबविणारे वाईट निघाले तर ती वाईट ठरेल, असे ते म्हणाले. राजकारणात एक माणूस एक मत, आणि समाजात व अर्थकारणात मात्र विषमता, ही विसंगती लवकर दूर झाली नाही तर ज्यांना ती सोसावी लागते तेच हा डोलारा उडवून देतील, असा इशारा त्यांनी दिला.

घर बांधणारा आपल्या मुलांना घर देऊ शकतो, ते झाडून ठेवण्याची सवय देऊ शकत नाही. ती ज्याची त्याने लावून घ्यावयाची असते. आपल्या गल्लीतल्या एखाद्या अनोळखी, अप्रिय माणसालाही चोवीस तासांत न्यायाधिकाऱ्यापुढे नेले की नाही, याची चौकशी आपण ज्या दिवशी करू, त्या दिवशी ती घटना आपली झाली असे आम्ही समजू. एवढे बोलून आपली रजा घेतो.