शेवटचा आसरा



म्हातारपणाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्ये ठरलेली असतात. एक, हल्लीची मुले आईबापांना विचारीत नाहीत. दुसरे, गावात एक चांगला वृद्धाश्रम निघाला पाहिजे. ही वाक्ये आम्हीही पुष्कळदा उच्चारली आहेत. ती तपासून पाहण्याची बुद्धी आम्हांला झाली ती पीटर टाउनसेंड या इंग्रज समाजशास्त्रज्ञाच्या कामामुळे.

टाउनसेंड यांचा जन्म १९२८ चा. पंचविशीच्या सुमारास ते पूर्व लंडनमधील बेथ्नल ग्रीन या कामकऱ्यांच्या वस्तीत गेले आणि २०३ वृद्धांच्या घरी बसून त्यांच्याशी बोलले. सरकारने हात पुढे केल्यापासून कुटुंबे आपली जबाबदारी झटकू लागली, अशी ओरड तेव्हा तिकडेही होती. त्यांना दिसले ते निराळेच. सासरी गेलेली लेक बहुधा जवळपासच राही, आईचा बाजारहाट करी. आई तिची मुले सांभाळी. देणेघेणे दोन्ही बाजूंनी चाललेले होते. १९५७ साली हे सारे पुस्तकरूपाने आले.

मग प्रश्न उरला, संस्थांत जातात ते कोण? इंग्लंडात निराधारांसाठी पूर्वी ‘वर्कहाउस’ असत. तेथे जाणे म्हणजे अब्रू गमावणे. १९४८ च्या कायद्याने ती पद्धत संपली. आरोग्यमंत्री बेव्हन यांचा वादा असा होता, की यापुढे वृद्ध हे जणू हॉटेलातले पाहुणे असतील.

दहाएक वर्षांनी टाउनसेंड हा वादा पडताळण्यास निघाले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंड-वेल्समधील १७३ संस्था पाहिल्या. एका ठिकाणी तर त्यांनी स्वतः काही दिवस सेवक म्हणून राबून म्हाताऱ्यांना आंघोळ घातली. हजारो वृद्ध अजून त्याच जुन्या वर्कहाउसांच्या इमारतींत होते. खाटेला खाट लागलेली, स्वतःची म्हणावी अशी वस्तू नाही, करावयास काम नाही, बोलावयास माणूस नाही.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. तेथे आलेल्यांत अविवाहित, निपुत्रिक, जवळचे कोणी नसलेले असेच लोक प्रमाणाबाहेर होते. ज्यांना मुलगी होती ते सहसा येत नसत. पुष्कळजण तर थोड्या मदतीने आपल्या घरी राहू शकले असते. पण घर नव्हते, अथवा मदत नव्हती. म्हणून १९६२ च्या ‘द लास्ट रेफ्यूज’ या ग्रंथात त्यांनी सांगितले, की मोठ्या संस्था हळूहळू बंद करा. वृद्धांना सोयीची छोटी घरे द्या, आणि जे काम एरवी लेकीसुना करतात त्यासाठी घरपोच सेवा उभी करा.

त्यांचे सारे म्हणणे मान्य झाले असे नाही. १९६३ पासून एसेक्स विद्यापीठात प्राध्यापकी करीत ते दारिद्र्याच्या अभ्यासाकडे वळले. पण त्यांची टिपणे वाया गेली नाहीत. या शतकाच्या पहिल्या दशकात काही संशोधकांनी त्याच १७३ संस्थांचा माग काढला, आणि त्या कामी स्वतः वृद्ध असलेले अनेक स्वयंसेवक हिंडले. बहुतेक संस्था बंद पडल्या होत्या. टाउनसेंड २००९ साली वारले.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या २००७ च्या कायद्यात, प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम असावा, असे कलम आहे. तो निघाला तर आम्हांला आनंदच होईल. परंतु त्याच्या उद्घाटनाला जाऊ तेव्हा खाटा मोजून परत येऊ नये. तेथील एखाद्या आजीजवळ बसावे आणि विचारावे, “आजी, काय मिळाले असते तर तुम्ही घरीच राहिला असता?” ती जे सांगेल, तेच आपल्या गावाचे पुढचे काम.