तुरुंग पाहणारे कोण, हे लोकांना कळू द्या
(आदिलाबाद येथील मराठी भाषकांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



सीमाप्रश्नाच्या सभेत तुरुंगाचा विषय कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर प्रथमच देतो. भारताच्या राज्यघटनेत तुरुंग हा राज्यसूचीतील विषय आहे. त्यामुळे १ नोव्हेंबर १९५६ रोजी जेव्हा नकाशावर रेघ ओढली गेली, किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले, आणि नांदेडकडील मुधोळ, भैंसा व कुभीर ही मंडले आंध्राकडे आली, तेव्हा केवळ शाळेची भाषा आणि सातबाऱ्याची लिपीच बदलली असे नाही. आपला माणूस गजाआड गेला, तर त्याच्यावर कोणाचे नियम चालणार, त्याची विचारपूस कोण करणार, हेही त्या रेघेने ठरवून टाकले. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले आणि हा कारभार पुन्हा एकदा हस्तांतरित झाला. या दोन्ही प्रसंगी गजाआडच्या माणसाचे मत कोणी विचारले नाही.

दुसरे कारण आपल्या चळवळीच्या इतिहासात आहे. ज्या लोकांनी अन्यायाविरुद्ध उभे राहण्याचे ठरविले, त्यांना तुरुंग चुकला नाही. स्वामी रामानंद तीर्थांना निजामी राजवटीने १९३८ साली कैदेत टाकले. १९५८च्या सीमा सत्याग्रहात बेळगावकडील अनेक बंधूंनी व भगिनींनी कारावास सोसला. तुरुंगात काय चालते हे ज्या चळवळीने स्वतःच्या अंगावर अनुभवले आहे, तिने सत्याग्रही सुटून आल्यावर मागे राहिलेल्या कैद्याला विसरणे हे कृतघ्नपणाचे ठरेल. मग तो कैदी चोरीच्या आरोपाखाली आत गेलेला असो की जंगलातून मोळी आणल्याबद्दल.

आता मूळ विषयाकडे वळतो. तुरुंगाच्या भिंती उंच असतात, कारण आतल्यांनी बाहेर जाऊ नये. परंतु त्याच भिंतींमुळे बाहेरच्यांची नजरही आत जात नाही. ही अडचण इंग्रज सरकारलाही कळली होती. म्हणून १८९४ च्या कारागृह अधिनियमात तुरुंगाचे अभ्यागत नेमण्याविषयी नियम करण्याचा अधिकार सरकारला देण्यात आला. अभ्यागत म्हणजे पाहुणा नव्हे. वेळोवेळी तुरुंगात जाऊन बराकी पाहणे, स्वयंपाकघरात शिजणारे अन्न पाहणे, दवाखाना पाहणे, कैद्याची तक्रार ऐकणे आणि जे दिसले ते अभ्यागतांच्या नोंदवहीत लिहून ठेवणे, हे त्याचे काम आहे. केंद्र सरकारने २०१६ साली सिद्ध केलेल्या आदर्श कारागृह नियमावलीत अशा अभ्यागत मंडळाची रचनाच दिली आहे. त्यात जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, वैद्यकीय व शिक्षण खात्याचे अधिकारी हे सरकारी सभासद असतात, आणि त्यांच्या जोडीला आमदार, मानवाधिकार आयोगाचा प्रतिनिधी व समाजसेवक असे बिनसरकारी सभासद असतात. स्त्रियांनाही त्यात स्थान आहे.

या बिनसरकारी सभासदांवरच माझे सारे बोलणे आहे. सरकारी सभासद तर सरकारचेच आहेत. लोकांच्या वतीने आत जाणारा एकच माणूस असतो, आणि तो म्हणजे बिनसरकारी अभ्यागत. त्याची नेमणूक करणारे मात्र सरकारच असते. ज्याच्या कारभारावर नजर ठेवायची, त्यानेच नजर ठेवणारा निवडायचा, आणि निवडला कोणाला हे कोणाला सांगायचेही नाही, अशी रीत पडली, तर कुंपणच शेत खाऊ लागते. जाहिरात नाही, अर्ज नाहीत, कसोटी नाही, यादी प्रसिद्ध नाही. अशा अंधारात वशिल्याची तट्टे तेवढी पुढे सरकतात. मग कोणी कोट शिवून घेतो, कोणी छापील पत्रावर पद मिरवतो, आणि तुरुंगाच्या फाटकाशी वर्षातून एकदा मोटार थांबते. चहा होतो. नोंदवहीत ‘सर्व व्यवस्था समाधानकारक आहे’ एवढेच वाक्य लिहिले जाते.

हे समाधान किती महाग पडते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे, आणि ते सांगताना मला संकोच वाटत नाही. कारण आपले राज्य म्हणून त्याचे दोष झाकावेत, अशी शिकवण या चळवळीने आपल्याला दिलेली नाही. जून २०१७ मध्ये मुंबईच्या भायखळा येथील स्त्रियांच्या तुरुंगात मंजुळा शेट्ये ही कैदी मरण पावली. अंडी आणि पाव यांच्या हिशोबावरून तिला मारहाण झाली, असा आरोप झाला व तुरुंगाच्या सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली. गुन्ह्याचा निवाडा न्यायालयाचा आहे, माझा नव्हे. पण शिध्याचा हिशोब आणि कैद्यांची तक्रार या दोन्ही गोष्टी नेमक्या अभ्यागताने पाहावयाच्या असतात. तो डोळा जागा असता तर काय टळले असते, याचा विचार प्रत्येकाने आपल्याशी करावा.

न्यायालये या बाबतीत स्वस्थ बसलेली नाहीत. तिहार तुरुंगातील सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल न्यायमूर्तींना पत्र लिहिले, आणि १९७९ साली न्या. कृष्ण अय्यर यांनी त्या पत्रावरून तुरुंगाची दारे न्यायाला उघडी केली. २०१५ साली डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांप्रमाणेच पोलीस ठाण्यांसाठीही बिनसरकारी अभ्यागत नेमण्याचा विचार करण्यास राज्यांना सांगितले. १५ सप्टेंबर २०१७ च्या निर्णयात तर आदर्श नियमावलीप्रमाणे अभ्यागत मंडळे ३० नोव्हेंबर २०१७ पर्यंत स्थापावीत, असा राज्यांना आदेशच दिला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना, तुरुंगात जातीवरून कामे वाटण्याचे नियम न्यायालयाने रद्द केले, आणि असा भेदभाव चालतो की काय हे पाहण्याचे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाबरोबर याच अभ्यागत मंडळांवर सोपविले. झाडूचे काम कोणाला आणि स्वयंपाकाचे काम कोणाला, हे ज्याला पाहावयाचे आहे, तो माणूस स्वतः कोणाच्या शिफारशीने आला हे लोकांना ठाऊक नको काय?

कोणी म्हणेल की तुरुंग ही सुरक्षिततेची बाब आहे, तिची माहिती बाजारात मांडता येत नाही. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पहाऱ्याच्या पाळ्या, कुलपांची व्यवस्था, कैद्याचे खाजगी आयुष्य या गोष्टी गुप्तच राहिल्या पाहिजेत. परंतु मंडळावर कोण आहे, त्याला कोणत्या कसोटीवर घेतले, त्याची मुदत केव्हा संपते, तो किती वेळा आत गेला, हे सांगितल्याने कोणते कुलूप मोडते? २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचे चौथे कलम पाहा. सरकारी कचेरीने आपल्याशी संबंधित मंडळे व समित्या यांचे विवरण, त्यांच्या सभा लोकांस खुल्या आहेत की नाहीत व त्यांची कार्यवृत्ते लोकांस पाहता येतात की नाही, हे कोणी न मागता आपण होऊन प्रसिद्ध करावयाचे आहे. म्हणजे आपण मागतो ती मेहेरबानी नाही. कायद्याने लावून दिलेले ते देणे आहे. इंग्लंडात तुरुंगावरील अशा स्वतंत्र देखरेख मंडळांच्या जागांची उघड जाहिरात होते, सामान्य नागरिक अर्ज करतात, वेतन न घेता काम करतात, आणि मंडळाचा वार्षिक अहवाल छापून प्रसिद्ध होतो. तेथील तुरुंगांच्या भिंती त्यामुळे कोसळल्या नाहीत.

आता आपल्या जिल्ह्यापुरते बोलतो. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती, आणि त्यांतील ४,३४,३०२ माणसांचा खटला अजून निकालात निघावयाचा होता. म्हणजे दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी. कायद्याच्या दृष्टीने ती माणसे निरपराध आहेत. अशातलाच एखादा मराठी बोलणारा शेतमजूर किंवा गोंडी, कोलामी बोलणारा आदिवासी आदिलाबादच्या तुरुंगात असेल, आणि फाटकातील फलक, शिपायाचा हुकूम, वकिलाचे कागद हे सारे त्याला न येणाऱ्या भाषेत असेल, तर त्याचे दुखणे कोणाच्या कानी पडणार? राज्यघटनेच्या ३५०व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे राज्यात वा संघात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्यापुढे मांडण्याचा हक्क दिला आहे. पण अक्षरओळख नसलेल्या माणसाचा हक्क ऐकणाऱ्याच्या कानावर अवलंबून असतो. म्हणून या मंडळावर मराठी जाणणारा आणि गोंडी जाणणारा सभासद असावा, ही मागणी भाषाभिमानाची म्हणून कोणी बाजूला सारू नये. ती न्यायाची मागणी आहे. आपले तेलुगू भाषक शेजारीही, मला खात्री आहे, तिला साथ देतील. कारण उद्या चंद्रपूरच्या तुरुंगात एखादा तेलुगू मजूर असेल, तर त्याच्यासाठी हीच मागणी आपण तेथे केली पाहिजे.

तेव्हा या सभेने ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. बिनसरकारी अभ्यागतांच्या जागा तेलुगू, उर्दू व मराठी या तिन्ही भाषांत जाहीर कराव्यात. निवडीची कसोटी आधी सांगावी. तुरुंगाला माल पुरविणारा ठेकेदार व तुरुंग अधिकाऱ्यांचे नातलग यांना वगळावे. सभासदांची नावे व मुदत तुरुंगाच्या फाटकावर आणि जिल्हाधिकारी कचेरीत लावावीत. किती भेटी झाल्या, कोणते दोष आढळले व त्यांवर काय केले, याचा गोषवारा कैद्यांची नावे वगळून दरवर्षी प्रसिद्ध करावा. ठराव पाठवून आपण घरी जाऊन झोपलो, तर त्याची रद्दी होईल. म्हणून त्याच्या पाठोपाठ माहितीच्या अधिकाराखाली एक साधा अर्ज द्यावा. तीस दिवसांत उत्तर देणे कायद्याने बंधनकारक आहे. आणि पुढची गोष्ट अधिक अवघड आहे: जागा जाहीर झाल्या, तर आपल्यातील शिक्षकांनी, परिचारिकांनी, निवृत्त कारकुनांनी अर्ज करावेत. दार उघडा म्हणून ओरडायचे आणि उघडल्यावर उंबऱ्यावर कोणीच नसायचे, अशी आपली फजिती होऊ नये.

बंधुभगिनींनो, सीमेचा निकाल केव्हा लागेल हे आज कोणी सांगू शकत नाही. तो आपल्या बाजूने लागावा यासाठी आपण झटत आहोत, झटत राहू. पण तोपर्यंत ज्या सरकारच्या छत्राखाली आपण राहतो, त्याच्याकडून चोख कारभार मागणे हा आपला हक्क आहे, आणि उद्या आपल्या राज्यात गेलो तरी तीच मागणी करणे हे आपले कर्तव्य आहे. विलीनीकरण हवे ते लोकांचा कारभार लोकांना दिसावा म्हणूनच. त्या कारभाराची परीक्षा सचिवालयाच्या दिवाणखान्यात होत नाही. ज्याला मत नाही, ज्याला वशिला नाही आणि ज्याचे कोणी ऐकत नाही, अशा माणसाच्या कोठडीत ती होते.

जय हिंद! जय महाराष्ट्र!