जनसंपर्काची उमेदवारी

पूर्वी खेड्यात काही कळवावयाचे असले म्हणजे कोतवाल दवंडी पिटीत निघे. पूर्व विदर्भात तिला मुनादी म्हणतात. साऱ्याची मुदत असो, की देवी टोचणाराच्या आगमनाची वर्दी असो, चावडीपासून वेशीपर्यंत तेच चार शब्द तो पुनःपुन्हा ओरडून सांगे. परंतु त्या मुनादीत एक गोष्ट अशी होती की, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ओसरीवरच्या म्हाताऱ्याने मध्येच काही विचारले, तर कोतवालाला थांबून उत्तर द्यावे लागे. कारण तो त्याच गावचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याला त्याच लोकांत वावरावयाचे असे. सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातील हे जे थांबणे, त्याचेच आजचे भारदस्त नाव जनसंपर्क असे आहे. मात्र हा धंदा शिकणाऱ्या तरुणाला ही गोष्ट पहिल्या दिवशी कोणी सांगत नाही, आणि सांगितली तरी ती त्याला पटत नाही.

आपल्याकडे हा धंदा म्हणण्यासारखा रूढ झाला तो गेल्या शतकाच्या मध्यावर. टाटांच्या उद्योगसमूहाने मुंबईत १९४३ साली आपले स्वतंत्र जनसंपर्क खाते उघडले. पुढे १९५८ साली या व्यवसायातील मंडळींची अखिल भारतीय संस्था निघाली. विदर्भापुरते पाहिले तर नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ साली रोलंड वूल्सली या अमेरिकन प्राध्यापकाच्या पुढाकाराने वृत्तविद्येचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, आणि लेखणीच्या बळावर पोट भरू पाहणाऱ्या वैदर्भीय तरुणांना शास्त्रशुद्ध शिक्षणाची वाट मोकळी झाली. वृत्तविद्या आणि जनसंपर्क ही भावंडे खरी. पण एकाच घरात वाढूनही त्यांचे फारसे पटत नाही. एकाचा हट्ट लपलेले बाहेर काढण्याचा, तर दुसऱ्यावर संशय असा की, हा नको ते झाकून ठेवतो.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून असा एक विद्यार्थी कल्पनेने डोळ्यांपुढे उभा करावा. त्याला नाव देण्याचे कारण नाही. गोंदिया जिल्ह्यातील आमगावकडच्या एका धानउत्पादक शेतकऱ्याचा हा मुलगा. घरी पोवारी बोलणारा, शाळेत मराठी शिकलेला, बाजारात हिंदी वापरणारा. नागपुरास राहून त्याने या विषयाचा अभ्यास केला. प्रसिद्धिपत्रक कसे लिहावे, पहिल्या वाक्यात कोण, काय, कोठे, केव्हा हे कसे यावे, संपादकाला दूरध्वनी कोणत्या वेळी करू नये, हे सारे त्याला मुखोद्गत झाले. छापून आलेल्या मजकुराची कात्रणे वहीत चिकटवावयाची आणि वही जितकी जाड तितके काम चांगले, असा त्याचा समज झाला होता. तो समज केवळ त्याचाच होता असे नाही. मोठमोठ्या कचेऱ्यांतूनही असल्या जाड वह्या मोठ्या अभिमानाने दाखविल्या जातात.

वर्गात त्याला आयव्ही ली या अमेरिकन गृहस्थाची कथाही ऐकावयास मिळाली होती. १९०६ च्या ऑक्टोबरात अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हानिया रेल्वेची एक गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि पन्नासाहून अधिक उतारू प्राणास मुकले. अपघात झाला की दारे लावून घ्यावयाची आणि वार्ताहरांना जवळ फिरकू द्यावयाचे नाही, हा त्या काळच्या आगगाडी कंपन्यांचा शिरस्ता. ली हा मूळचा वार्ताहर. त्याने कंपनीला उलटा सल्ला दिला. वार्ताहरांना गाडीतून अपघाताच्या जागी नेले आणि कंपनीला जे ठाऊक होते ते लेखी त्यांच्या हाती ठेवले. विद्यार्थ्याला ही गोष्ट फार आवडली. हाच ली १९१४ साली कोलोरॅडोतील खाणकामगारांच्या संपात मालकांच्या बाजूने पत्रके काढू लागला आणि त्यांतील आकडे खोटे निघाले, हा कथेचा उत्तरार्ध मात्र त्याने परीक्षेपुरताच पाठ केला.

अभ्यासक्रमाच्या शेवटी दोन महिने प्रत्यक्ष उमेदवारी करावयाची होती. बरोबरीच्या मुलांनी मुंबई-पुण्याच्या जाहिरात कंपन्या गाठल्या. याने आपल्या जिल्ह्याची वाट धरली. नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सुमारे १३० किलोमीटर गेले की गोंदिया लागते. भातगिरण्यांचे आणि विडीच्या व्यापाराचे हे गाव. विडीच्या कट्ट्यावर चिकटविलेले रंगीत चित्र हेच या मुलखातील कित्येक खेड्यांनी पाहिलेले पहिले छापील चित्र असेल, आणि ते प्रसिद्धीच्या कलेचे होते हे विसरून चालणार नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून हा जिल्हा वेगळा झाला. वैनगंगा आणि वाघ या नद्या, जुन्या मालगुजारांच्या काळापासूनचे शेकडो तलाव आणि त्यांच्या पाण्यावर पिकणाऱ्या धानाच्या बांध्या, असे त्याचे रूप आहे.

या बांध्यांतून सारस पक्षी राहतो. उडणाऱ्या पक्ष्यांत याच्याइतका उंच पक्षी जगात दुसरा नाही. मान ताठ करून उभा राहिला तर माणसाच्या खांद्याला लागावा, कधी त्याहूनही वर जावा. जोडी जमली की बहुधा जन्मभर टिकते. वाल्मीकींच्या शोकाला वाचा फोडणारा क्रौंच तो हाच, असे मानणारेही पुष्कळ आहेत. एके काळी पुष्कळ असलेला हा पक्षी महाराष्ट्रात आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि थोडाबहुत शेजारच्या भंडाऱ्यात उरला आहे. या शतकाच्या आरंभी तर गोंदियातील सारस बोटांवर मोजण्याइतकेच राहिले होते. पुढे सेवा या स्थानिक संस्थेचे कार्यकर्ते, वनखाते, जिल्हा प्रशासन आणि शेतकरी यांच्या खटपटीने ते थोडे वाढले. तरी जिल्ह्यातील संख्या अद्याप पन्नासाच्या आतच आहे.

अडचण अशी की, सारस अभयारण्यात घरटे करीत नाही. तो ते ऐन पावसाळ्यात, रोवणी झालेल्या धानाच्या बांधीत, पाण्यात काडीकचरा रचून करतो. त्यात दोन अंडी घालतो आणि नर-मादी आळीपाळीने महिनाभर ती उबवितात. म्हणजे पक्षी राज्याचा, कौतुक देशाचे, आणि बांधी एका गरीब माणसाची! त्या माणसाशी संबंध जोडणे, हेच या विद्यार्थ्याच्या वाट्याला आलेले काम. सारसांसाठी झटणाऱ्या अशाच एका लहानशा कार्यालयात तो उमेदवार म्हणून रुजू झाला, अशी कल्पना करू.

पहिल्या आठवड्यात त्याने एक प्रसिद्धिपत्रक लिहिले. ‘सर्व संबंधित कृषकबांधवांना नम्र आवाहन करण्यात येते की, दुर्मिळ सारस पक्ष्याच्या अधिवासाचे संवर्धन व प्रजननकाळातील संरक्षण करण्याच्या कार्यात त्यांनी सक्रिय सहभाग नोंदवावा,’ अशी त्याची सुरुवात होती. नागपूरच्या दोन आणि गोंदियाच्या तीन पत्रांनी ते छापले. कात्रणे वहीत गेली. मग कार्यालयातील वडीलधाऱ्या कार्यकर्त्याने ती वहीच त्याच्या काखेत दिली आणि तलावाकाठच्या एका गावी त्याला पाठविले. तिथल्या एका बांधीत घरटे लागले होते.

शेतकरी धुऱ्यावर बसला होता. वृत्तपत्र त्याच्या घरी येत नव्हते. विद्यार्थ्याने कात्रण वाचून दाखविले. शेतकऱ्याने ते शांतपणे ऐकले आणि विचारले, “बाबू, अधिवास म्हंजे काय?” विद्यार्थ्याने सांगितले, “राहण्याची जागा, काकाजी.” त्यावर शेतकरी म्हणाला, “मंग तसं लिवा ना! अन् त्याच्यात माह्या बांधीचं काही हाय का?”

त्याच्या बांधीचे त्यात काहीच नव्हते. घरट्याभोवतीचा धान तुडविला जाणार होता. महिनाभर त्या बाजूला निंदण करता येणार नव्हते, औषध मारता येणार नव्हते. आदल्या वर्षी शेजारच्या बांधीत घरटे झाले तेव्हा माणसे आली, छायाचित्रे काढली, भरपाई मिळेल म्हणाली आणि गेली, असेही शेतकऱ्याने सांगितले. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, नुसती माहिती होती. विद्यार्थ्याच्या जिभेवर आले होते की, या वर्षी नक्की मिळेल. पण ते देणे त्याच्या हाती नव्हते. तो गप्प राहिला, नंतर म्हणाला, “मी विचारून परवा सांगतो.” आणि परवा तो खरोखरच गेला, उत्तर अर्धेमुर्धे असतानाही गेला. पुस्तकात या कृतीला नाव नाही. पण त्या गावात त्याचे ऐकले जाऊ लागले ते त्या दिवसापासून. पुढे कार्यालयाने वर्गणी करून बुडालेल्या धानाचे पैसे त्या शेतकऱ्याला दिले. रक्कम लहानच होती.

दुसरे पत्रक त्याने निराळे लिहिले. त्यात घरी बोलतात तशी सोपी वाक्ये होती, आणि ते छापावयास देण्याऐवजी त्याने आठवडी बाजारात पोवारीत आणि हिंदीत बोलून दाखविले. देवरी-सालेकसाच्या गोंडीभाषक पाड्यांत तेवढेही पुरले नसते, हे त्याच्या ध्यानात आले. एका जिल्ह्यात जनता ही एकवचनी नसते, ही गोष्ट मुंबईच्या कचेरीत बसून ध्यानात यावयास फार वर्षे लागली असती.

पण याच सुमारास त्याच्या हातून एक चूक झाली, आणि ती उत्साहाच्या भरात झाली. घरट्यात अंडी दिसताच त्याने बातमी दिली. प्रशिक्षणात शिकविल्याप्रमाणे पहिल्याच वाक्यात कोठे याचे उत्तर होते: गावाचे नाव, तलावाचे नाव, धुऱ्याची दिशासुद्धा. बातमी ठळकपणे आली. रविवारी सकाळी त्या धुऱ्यावर मोटारी उभ्या राहिल्या. लांबनळीचे कॅमेरे घेतलेली सुशिक्षित, पक्ष्यांवर मनापासून प्रेम करणारी मंडळी चिखलात उतरली. नर-मादी दूर जाऊन उभी राहिली आणि दोन तास परतली नाहीत. त्या वेळी पाऊस पडत होता. अंडी उघडीच होती. शेतकऱ्यानेच शेवटी काठी आपटून सर्वांना बाहेर काढले. विद्यार्थी आला तेव्हा तो एवढेच म्हणाला, “तुमीच सांगलं ना त्याइले?” कात्रणांच्या वहीत ती बातमी सर्वांत मोठी होती. ती चिकटवावी की नाही, याचा त्या रात्री निर्णय झाला नाही.

प्रसिद्धीचा अतिरेक हा आज पक्ष्यांना बंदुकीइतकाच जाचक ठरू लागला आहे. घरट्याची जागा न सांगणे हे लपविणे नव्हे, हे समजावयास विद्यार्थ्याला ती दोन तासांची घालमेल भोगावी लागली. आणि लपविणे म्हणजे काय, तेही त्याला लौकरच पहावयास मिळाले. ऑगस्टच्या अखेरीस दुसऱ्या एका गावाजवळ विजेच्या तारेवर आपटून एक सारस मेला. तारा हा सारसाचा मोठा शत्रू आहे. एवढे अवजड अंग घेऊन तो उडतो, चटकन वळणे त्याला जमत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली सारसांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हापासून या तारांचाही विचार वरचेवर झाला आहे. कार्यालयात मात्र कुजबुज सुरू झाली. ही बातमी बाहेर गेली तर लोक म्हणतील, इतकी वर्षे काय केले? देणगीदार काय म्हणतील? दोन दिवस थांबावे, असे एकाचे मत पडले.

विद्यार्थ्याला अटलांटिक सिटीचा पूल आठवला, आणि या खेपेस कोलोरॅडोतील खोटे आकडेही आठवले. तो नवखा होता. मत देण्याचा त्याला अधिकार नव्हता. तरी त्याने विचारले की, ज्या शेतकऱ्याने मेलेला पक्षी पाहून आधी आपल्याला कळविले, त्याला उद्या काय सांगावयाचे? त्यावर कोणी बोलले नाही. मग त्या वडीलधाऱ्या कार्यकर्त्याने कागद पुढे सरकविला. विद्यार्थ्याने पाच ओळी लिहिल्या. पक्षी कोठे मेला, केव्हा दिसला, कशाने मेला असावा, कोणाला कळविले, आणि आजवर किती ठिकाणच्या तारांविषयी अर्ज पडून आहेत. त्यात एकही विशेषण नव्हते. एका पत्राने त्या आतल्या पानावर छापल्या. आठ दिवसांनी वीजखात्याचे दोन कर्मचारी ती जागा पाहून गेले. पुढे काय झाले ते उमेदवारीच्या मुदतीत कळले नाही.

सप्टेंबरात तो नागपुरास परतला. अहवाल लिहावयाचा होता आणि त्याला कात्रणे जोडावयाची होती. परीक्षक ती मोजतात. त्याने जोडली. पहिले अधिवासवालेही जोडले, रविवारचेही जोडले, आणि त्या दोहोंच्या खाली काय घडले ते लिहिले. परीक्षकाने त्या पानावर तांबड्या शाईने प्रश्नचिन्ह काढले.

त्याच आठवड्यात गावाहून शेतकऱ्याचा दूरध्वनी आला. दोनांपैकी एका अंड्यातून पिल्लू निघाले होते आणि आईबापांमागून पाण्यातून चालू लागले होते. दुसरे अंडे फुकट गेले. “कोनाले सांगू नोका,” असे बजावून शेतकऱ्याने धानाच्या लोंब्यांविषयी थोडे बोलून घेतले आणि दूरध्वनी ठेवला.