भरती-ओहोटी : ओढीतला फरक



समुद्रापासून इतक्या दूरच्या नागपुरात भरती-ओहोटीवर व्याख्यान कशाला, असे कोणी विचारील. पण आपल्या नाग नदीचे पाणीसुद्धा कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी या वाटेने अखेर बंगालच्या उपसागरालाच मिळते. शिवाय भरतीचे मर्म कळायला आपला अंबाझरी तलाव पुरेसा आहे. जो चंद्र समुद्रावर, तोच अंबाझरीवर. मग अंबाझरीला भरती का येत नाही?

चंद्र पाणी ओढतो म्हणून भरती येते, ही समजूत अर्धीच खरी आहे. चंद्र पाण्याला ओढतो, तसा जमिनीलाही ओढतो आणि तुम्हाआम्हांलाही ओढतो. सर्वांना सारखीच ओढ असती, तर कोणी कोणाच्या पुढेमागे झाले नसते. भरती येते ती ओढीतल्या फरकामुळे. पृथ्वीच्या चंद्राकडील अंगावर ओढ अधिक, मध्यावर त्याहून कमी आणि पाठीमागच्या अंगावर सर्वांत कमी. म्हणून समोरचे पाणी पृथ्वीच्या पुढे जाऊ पाहते आणि मागचे पाणी मागे राहू पाहते. दोन्ही अंगांना फुगवटा येतो, म्हणून बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोन भरत्या येतात. महासागर हजारो किलोमीटर पसरलेला आहे. अंबाझरीच्या दोन काठांवरील ओढीत मोजण्याजोगा फरकच नाही. न्यूटनने १६८७ साली या विचाराचा पाया घातला.

सूर्याचा हिशेब याहून बोलका आहे. पृथ्वीवरची सूर्याची एकूण ओढ चंद्राच्या पावणेदोनशे पट आहे; तरीही भरती आणण्याचे त्याचे बळ चंद्राच्या निम्म्याहून थोडे कमीच. कारण तो पंधरा कोटी किलोमीटर दूर आहे आणि तेवढ्या अंतरापुढे पृथ्वीची रुंदी नगण्य ठरते. पगाराचा 'फरक' मिळवण्यासाठी झगडणाऱ्या कामगाराला हे चटकन पटावे : नुसती रक्कम मोठी असून भागत नाही, फरक पाहावा लागतो.

अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्राचे बळ एका रेषेत येते, तेव्हा उधाणाची भरती. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात येते, तेव्हा भांगाची भरती. चंद्र स्वतः पुढे सरकत असल्यामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. यावरूनच मुंबईकडच्या दर्यावर्दी लोकांचा हिशेब निघाला : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. हा ठोकताळा त्या किनाऱ्यापुरताच. किनाऱ्याचा आकार आणि समुद्राची खोली बदलली की वेळ बदलते, उंचीही बदलते. मुंबईला उधाणात पाणी सुमारे चार मीटर चढते-उतरते. खंबायतच्या निमुळत्या आखातात, भावनगरकडे, दहा मीटरच्या आसपास.

या वेळांवर माणसांची रोजी अवलंबून असे. मुंबईतील प्रिन्सेस डॉक १८८० साली सुरू झाला. त्याचे दरवाजे भरतीच्या सुमारास उघडत आणि तेव्हाच जहाजे आतबाहेर होत. तिथे घड्याळाबरोबर चंद्राचीही पाळी सांभाळावी लागे.

आता मुख्य मुद्दा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्याच दुपारी समुद्राला मोठी भरती होती. मुंबईच्या पर्जन्यजल नाल्यांची बहुतेक मुखे भरतीच्या पातळीखाली आहेत. त्यामुळे पाणी समुद्रात जाईना. उलट समुद्रच नाल्यांतून आत येऊ पाहतो. शेकडो माणसे दगावली. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली. हाजी अली, इर्ला इत्यादी ठिकाणी पाणी उपसणारी पंपघरे उभी राहिली.

त्या दिवशी इतका पाऊस पडेल हे कोणी आधी सांगितले नव्हते. भरती मात्र आधीच ठरलेली होती. तिची वेळ आणि उंची भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कोष्टकांत वर्षाच्या आधीच छापून येते. जी गोष्ट तारीखवार ठाऊक असते, तिला दैवी आपत्ती म्हणून हात झटकता येत नाहीत. सखल वस्तीत कष्टकरीच अधिक राहतो आणि पाणी प्रथम त्याच्याच घरात शिरते. म्हणून हे शास्त्र त्याच्याही हाती असले पाहिजे. तिथी त्याला ठाऊक आहे, पाऊणकीही त्याला येते. राहिले एवढेच, की नाला कोणत्या उंचीला समुद्रास मिळतो, हे त्याने नगरपालिकेला विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे.