भिंत कुणाची, नजर कुणाची?

वर्सोवा-घाटकोपर मेट्रो 2014मध्ये सुरू झाली आणि असल्फाची डोंगरवस्ती खिडकीतून रोज हजारोंना दिसू लागली. 2017च्या डिसेंबरात ‘चल रंग दे’च्या स्वयंसेवकांनी तिथल्या घरांच्या भिंती रंगवल्या. इटलीतल्या रंगीत किनारी गावावरून बातम्यांत असल्फा ‘मुंबईचं पोझितानो’ झालं.

ऑफिसला जाताना मीही फोटो काढला. माझे मामू अशाच डोंगरवस्तीत राहतात. फोटो बघून म्हणाले, “छान आहे रे. पण पावसात आम्ही भिंत नाही, वरची दरड बघतो.” जुलै 2000मध्ये घाटकोपरच्याच आझाद नगरात दरड कोसळून साठहून अधिक माणसं गेली होती.

रंग वाया गेला, असं मी म्हणत नाही. पत्ता सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. रंगीत भिंत तो चेहरा थोडा सैल करते. पण ओळख नुसती बाहेरून दिसण्यापुरती नको.

उद्या तुमच्या गल्लीत कुणी ब्रश घेऊन आलं, तर चहा द्या, भिंतही द्या. चित्र कोणतं, हे मात्र गल्लीनं ठरवावं. आणि त्याच बैठकीत संरक्षक भिंत कधी बांधणार, हेही विचारावं.